फॅक्स भेटला काय?

वऱ्हाडात वस्तू मिळत नाही, भेटते. एस.टी.त जागा भेटते, बाजारात भाव भेटतो, पोस्टात पत्र भेटतं. शाळेत गुरुजी बजावायचे की माणसं भेटतात आणि वस्तू मिळतात. मीही लिहिताना बरीच वर्षं हा शब्द इमानेइतबारे दुरुस्त करत आलो. एका गोष्टीपुरती मात्र आता माझी पक्की खात्री झाली आहे की पुस्तकातला शब्द कमी पडतो आणि आमच्या बोलीचा शब्द नेमका बसतो. ती गोष्ट म्हणजे फॅक्स.

अमरावतीतल्या बियाण्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या ऑफिसात मी नेटवर्कचं काम बघायचो. डेपो अकोल्याला आणि गिऱ्हाईक वरूड, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर असं सगळीकडे पसरलेलं. मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रांच्या ऑर्डरींचा नुसता पाऊस पडायचा. तोंडी ऑर्डर चालत नसे, सही-शिक्क्याचा कागदच लागायचा. म्हणून दिवसभर फोनवर एकच संवाद चाले. "भाऊ, फॅक्स भेटला काय?" "नाही भेटला जी अजून. पुन्हा एक डाव टाका." फोन ठेवला की मिनिटभरात कोपऱ्यातलं यंत्र ओरडायला लागायचं.

ते ओरडणं म्हणजे नक्की काय, याच्या मागे मी लागलो आणि त्यात पुरता हरवलो.

फॅक्स लावणारं यंत्र आधी एक बारीक सूर सोडतं. सेकंदाला ११०० कंपनांचा, अर्धा सेकंद वाजणारा. मग तीन सेकंद शांतता आणि पुन्हा तोच सूर. म्हणजे 'मी माणूस नाही, फॅक्स आहे' एवढं सांगणं. उचलणारं यंत्र २१०० कंपनांचा लांब सूर देतं, तीन-चार सेकंदांचा. हा झाला रामराम. त्यानंतर खरं बोलणं सुरू होतं आणि ते फार हळू चालतं, सेकंदाला फक्त ३०० बिट. त्यात घेणारं यंत्र स्वतःची सगळी ओळख करून देतं. माझा वेग एवढा, माझ्या कागदाची रुंदी एवढी, एक ओळ छापायला मला इतका वेळ लागतो, चूक झाली तर ती दुरुस्त करून घेण्याची सोय माझ्याकडे आहे. पाठवणारं यंत्र ते ऐकून सांगतं की ठरलं, या वेगाने जाऊ. आणि मग, मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, ते दीड सेकंद नुसती शून्यं पाठवतं. काही सांगायचं नसतं, लाइन कशी आहे ते पाहायचं असतं. शून्यं शून्यांसारखीच पोचली तर समोरून होकार येतो. वाटेत त्यांचे एक झाले तर नकार, आणि दोघंही एक पायरी खाली उतरून कमी वेगाने पुन्हा प्रयत्न करतात. १४,४०० वरून १२,०००, मग ९६००, ७२००, अगदी २४०० पर्यंत.

दोन अनोळखी यंत्रं, वेगवेगळ्या देशांत बनलेली, कधी एकमेकांच्या वाऱ्याला न गेलेली. कागदावरचं एक अक्षर पाठवण्याआधी ती आपसात सगळं ठरवून घेतात. पत्राला असं काही लागत नाही, घरात कुणी नसलं तरी पोस्टमन ते दाराखालून सरकवतो. फॅक्सला मात्र दोन्ही टोकांनी एकाच क्षणी लाइनवर हजर असावं लागतं. शेवटचं पान गेलं की पाठवणारं यंत्र म्हणतं, संपलं. घेणारं सांगतं, मिळालं, नीट आहे. त्यानंतरच दोघं निरोप घेतात. याला भेटणं म्हणायचं नाही तर दुसरं काय म्हणायचं?

आता कागदाकडे येऊ. यंत्र कागदाकडे अक्षरं म्हणून पाहतच नाही. ते आडव्या ओळींमध्ये कागद कापतं, एका मिलिमीटरला साधारण चार ओळी. प्रत्येक ओळीत १७२८ ठिपके, काळा किंवा पांढरा, मधलं काही नाही. ए-४ च्या एका पानाच्या ११४३ ओळी होतात, म्हणजे जवळजवळ पावणेवीस लाख ठिपके. सेकंदाला ९६०० बिटच्या लाइनवर हे जसंच्या तसं पाठवायचं तर साडेतीन मिनिटं लागतील. प्रत्यक्षात साधं पान अर्ध्या-पाऊण मिनिटात जातं. कसं?

यंत्र ठिपके पाठवत नाही, लांब्या पाठवतं. 'पांढरे इतके, मग काळे इतके, मग पांढरे इतके' असं. आणि प्रत्येक लांबीला एक छोटा सांकेतिक आकडा ठरलेला आहे. वारंवार येणाऱ्या लांबीला छोटा संकेत, क्वचित येणाऱ्या लांबीला मोठा. ही युक्ती डेव्हिड हफमन नावाच्या अमेरिकी विद्यार्थ्याने १९५२ साली मांडली आणि १९८० च्या आंतरराष्ट्रीय फॅक्स मानकाने ती थोडी बदलून उचलली. संकेतांचं कोष्टक समोर ठेवून मी एके दिवशी पूर्ण कोऱ्या ओळीचा हिशेब केला. १७२८ पांढरे ठिपके, संकेत नऊ बिटचा. त्यापुढे 'उरले शून्य' म्हणणारा आठ बिटचा. बेरीज सतरा. सतराशे अठ्ठावीस ठिपक्यांची ओळ सतरा बिटमध्ये! कोऱ्या कागदाला जवळजवळ काही पडत नाही. पैसे पडतात ते शाईचे.

मग मला आपल्या लिपीची काळजी वाटली. हे संकेत ठरवताना आठ नमुना कागद मोजले होते. इंग्रजी पत्र, फ्रेंच बिल, हाताने काढलेली आकृती, आलेख, जपानी मजकूर असे. देवनागरी त्यात नव्हती. आपल्या लिपीला तर डोक्यावर शिरोरेषा आहे, आणि काळी रेघ महाग पडणार असं मला वाटलं होतं. हिशेब मात्र वेगळाच निघाला. शंभर ठिपके रुंदीच्या, म्हणजे साधारण सव्वा सेंटिमीटरच्या शब्दाची शिरोरेषा बावीस बिटमध्ये जाते. आणि तिच्याखाली? काना, वेलांटीचा दांडा, 'ग'चा दांडा, सगळे उभे. उभा दांडा आडव्या ओळीने कापला की दोन-तीन ठिपके काळे भेटतात. दोन काळे आणि तीन काळे या दोन लांब्यांना संपूर्ण कोष्टकातले सगळ्यात छोटे संकेत मिळालेले आहेत, प्रत्येकी फक्त दोन बिटचे. ज्यांनी हे कोष्टक केलं त्यांनी कधी 'बाबा' हा शब्द पाहिलाही नसेल, पण त्यातले दोन्ही काने त्यांनी सगळ्यात स्वस्तात नेले.

महाग पडलं ते दुसरंच. साध्या प्रतीच्या फॅक्समध्ये अनुस्वार कधी पुसला जायचा, कधी बाजूच्या मात्रेला चिकटायचा. त्याहून वाईट म्हणजे १ आणि ९. घाईघाईत लिहिलेला मराठी एक आणि मराठी नऊ यांच्यात एका मिलिमीटरच्या वळणाचा फरक, आणि एका मिलिमीटरला ओळी चारच. आमच्याकडे आकड्याशेजारी अक्षरी लिहायची सक्ती झाली ती यामुळे. यंत्रावरचं 'फाइन' बटण दाबलं की ओळी दुप्पट होतात, वेळही वाढतो. सीझनमध्ये ते बटण दाबायला कुणाचा हात धजत नसे.

हे सगळं कॉम्प्युटरच्या जमान्यातलं असावं असा माझा समज होता. तो अगदी चूक निघाला. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने याची मूळ कल्पना १८४३ साली पेटंट केली, टेलिफोनच्या बत्तीस-तेहेतीस वर्षं आधी. घड्याळजीलाच ती सुचावी यात अर्थ आहे. दोन्ही टोकांचे लंबक एका तालात हलले तरच इकडचा ठिपका तिकडे जागेवर पडणार. पुढे जिओव्हानी कासेली नावाच्या इटालियन धर्मगुरूने त्याचं मोठं यंत्र केलं आणि १८६५ पासून पॅरिस ते लियों अशी लोकांसाठी सेवाही चालली. धातूच्या पत्र्यावर वीज न वाहणाऱ्या शाईने लिहायचं, सुई ओळीओळीने फिरायची. त्या सेवेचं एक मोठं काम होतं बँकेच्या व्यवहारात सही ताडून पाहणं.

त्याच काळातलं आपलं वऱ्हाड डोळ्यांपुढे आणा. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो इथे होता. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला, तो कापसाच्या बाजारासाठीच. त्याच वर्षी समुद्राच्या तळातून सुएझ-एडन-मुंबई अशी तार पडली. विलायतेतला भाव आता आगबोटीची वाट पाहत बसणार नव्हता. पण तार अक्षर नेई, हस्ताक्षर नेत नसे. 'अमक्याने कबूल केले' एवढं तारेतून कळे. कबूल करणाऱ्याची सही पाहायला पत्राचीच वाट पाहावी लागे. सव्वाशे वर्षांनी आमच्या ऑफिसात तेल्हाऱ्याच्या दुकानदाराची सही त्याच्या दुकानातल्या शिक्क्यासकट पाऊण मिनिटात उतरायची, तेव्हा कासेलीचं काम वऱ्हाडात पोचलं होतं.

आणि तरीही सगळा ताण त्या एका यंत्रापाशी येऊन थांबायचा. यंत्र एक, लाइन एक, ठेवलेलं साहेबांच्या केबिनबाहेर. पाठवणाऱ्यांची रांग. कुणी नऊ पानं लावली की तेवढा वेळ बाहेरून येणाऱ्या सगळ्या ऑर्डरी 'एंगेज'. आलेले कागद एकाला एक चिकटून थर्मलच्या गुंडाळीत पडायचे. थर्मल कागदाला शाई लागत नाही, उष्णता लागली की तो काळा होतो, आणि काही महिन्यांत त्यावरचं अक्षर उडतं. म्हणून प्रत्येक फॅक्सची झेरॉक्स काढून मगच तो फाइलला लागायचा. रात्री रोल संपला तर सकाळपर्यंत आलेलं सगळं गेलं. आणि ऑफिस बंद असेल तर यंत्र चालू असूनही कागद बघायला कुणी नाही.

हा शेवटचा मुद्दा किती मोठा असू शकतो हे पुढे साऱ्या देशाने पाहिलं. २१ नोव्हेंबर २०१८ ला जम्मू-काश्मीरमध्ये सरकार स्थापनेचा दावा सांगणारं मेहबूबा मुफ्ती यांचं पत्र राजभवनाच्या फॅक्सवर गेलंच नाही. ईदची सुट्टी होती, फॅक्सपाशी कुणी नव्हतं, असं राज्यपालांनी सांगितलं. विधानसभा त्याच रात्री विसर्जित झाली. राजकारण बाजूला ठेवलं तरी माझ्यासारख्या माणसाच्या मनात एक चित्र राहतंच. एक बंद खोली, एक यंत्र, आणि टेलिफोनच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला ताटकळलेला कागद.

यावरचा उपाय ऐकायला साधा आहे. यंत्र काढून टाका आणि त्याच्या जागी असा एक कॉम्प्युटर बसवा ज्याला दोन भाषा येतात, लाइनवरचे सूर आणि नेटवर्कवरच्या फाइली. यालाच फॅक्स सर्व्हर म्हणतात. विंडोज सर्व्हरमध्ये ही सोय आहे, पण मला सापडला हायलाफॅक्स. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीतल्या सॅम लेफ्लर यांनी तो लिहिला आणि सगळ्यांना मोकळा दिला. फॅक्सची पानं ज्या टिफ प्रकारात साठवतात ती हाताळणारी मोकळी प्रणालीही याच माणसाची. अमेरिकेतल्या कुणा एकाने लिहिलेलं काम अमरावतीत बियाण्यांच्या ऑर्डरी घेतं, हे मला आजही तितकंच नवलाचं वाटतं.

आमच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता, बिलिंगला मंद पडलेला. त्यावर लिनक्स टाकलं. दोन बाहेरचे मोडेम घेतले, प्रत्येकाला मागून एक जाड सिरियल केबल कॉम्प्युटरकडे आणि एक बारीक तार भिंतीतल्या टेलिफोनच्या डबीकडे. पहिल्या दिवशी काहीच चालेना. मोडेम डायल टोनची वाट पाहायचा आणि थांबून जायचा. लाइन ऑफिसच्या ई.पी.ए.बी.एक्स. एक्स्चेंजच्या मागे होती, बाहेर जायला आधी शून्य दाबावं लागे, आणि आतली टोन मोडेमला ओळखीची वाटत नव्हती. मोडेमला टोनची वाट न पाहता नंबर लावायला सांगितलं आणि नंबराआधी शून्य व एक स्वल्पविराम टाकला. मोडेमच्या भाषेत स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद थांब. मराठी लिहिताना मी तो रोज वापरतो आणि त्याचा अर्थही तोच आहे. तेवढ्याने गाडी चालू झाली.

सर्व्हरच्या आत तिघं काम करतात. एक प्रोग्रॅम प्रत्येक लाइनवर पहाऱ्याला बसतो, घंटी वाजली की उचलतो, समोरचा सूर ऐकतो. दुसरा रांग सांभाळतो. तिसरा नेटवर्कवरच्या लोकांकडून कागद घेतो. ऑफिसातल्या प्रत्येकाच्या प्रिंटरच्या यादीत 'फॅक्स' नावाचा एक जास्तीचा प्रिंटर दिसू लागला. पत्र टाइप करा, प्रिंट म्हणा, तो निवडा, नंबर लिहा, मोकळे व्हा. कागद छापायचा नाही, उठायचं नाही. तुमचं पान रांगेत जाऊन बसतं. समोरची लाइन एंगेज असेल तर सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा लावतो, तरी नाही तर पुन्हा. जेवायला जातानाही तो काम थांबवत नाही. तेव्हा रात्री एस.टी.डी.चा दर उतरायचा, त्या वेळी पाठवायचं असेल तर तेही सांगून ठेवता यायचं. पहिल्या आठवड्यात आमचे जुने हेडक्लार्क दर दहा मिनिटांनी मोडेमच्या दिव्यांकडे जाऊन उभे राहायचे. पान दिसत नाही, गुंडाळी दिसत नाही, मग गेलं कशावरून? त्यांना मी नोंदवही दाखवली, सर्व्हर स्वतः लिहितो ती. तारीख, वेळ, नंबर, पानं, ठरलेला वेग, किती सेकंद, शेवट कसा झाला. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि म्हणाले, "हे तर आवक-जावक रजिस्टरच आहे." अगदी बरोबर होतं. आणि त्या रजिस्टरला वजन होतं. २००२ च्या दुरुस्तीपासून दिवाणी प्रक्रिया संहितेत समन्स फॅक्सने बजावण्याचीही वाट उघडली आहे, म्हणजे 'गेलं की नाही' हा प्रश्न कोर्टातही येऊ शकतो.

इथे एक बारीक नवल सांगतो, कारण ते मला कुणी सांगितलं नव्हतं, नोंदींतून सापडलं. कोरी ओळ सतरा बिटची असते हे मघाशी आलं. पण जुन्या यंत्राला कागद पुढे सरकवायला वेळ लागतो. ते सुरुवातीच्या बोलण्यातच सांगतं, 'मला एका ओळीला वीस मिलिसेकंद लागतात.' मग पाठवणारं यंत्र सतरा बिटची ओळ झटकन पाठवून मोकळं होऊ शकत नाही. त्याला मागे पोकळ शून्यं भरावी लागतात, ९६०० च्या वेगाला प्रत्येक ओळ किमान १९२ बिटची होईपर्यंत. म्हणजे कोरा कागद स्वस्त, पण त्याची वाट पाहणं महाग. सर्व्हरला कागदच नाही. तो सांगतो, 'मला शून्य मिलिसेकंद.' आणि समोरचं तेच जुनं यंत्र, तीच लाइन, पान लवकर संपवतं. आम्ही बिचाऱ्या तेल्हाऱ्याच्या यंत्राला काहीच केलं नव्हतं. इकडच्याने 'मी तयार आहे' एवढंच सांगितलं.

पाठवण्याचा प्रश्न सुटला. आलेल्याचा सुटला नाही, आणि खरं डोकं खाल्लं ते त्याने. सर्व्हरला एक पान येतं. ते कुणाचं? हिशेबवाल्यांचं, गोदामाचं, की मालकांचं? ईमेलला पत्ता असतो. फॅक्सच्या कॉलमध्ये तुमच्या लेटरहेडवरचा एक नंबर सोडला तर दुसरं काही येत नाही. पाठवणाऱ्या यंत्राने आपला नंबर सांगावा अशी सोय आहे, पण फक्त वीस अक्षरांची, तीही आकडे आणि अधिकचं चिन्ह. आणि ती भरून ठेवणारी माणसं फार कमी. आमच्या भागातल्या कितीतरी यंत्रांनी जन्मात आपला नंबर सांगितला नव्हता. मोठ्या शहरांत प्रत्येक खात्याला वेगळा नंबर देऊन एकाच जोडणीवर ते उतरवतात. आमच्याकडे दोन लाइनी होत्या. म्हणून आम्ही एक लाइन ऑर्डरीची आणि एक बाकी सगळ्याची ठेवली, आणि आलेली सगळी पानं एका सामायिक मेलपेटीत सोडली. तिथून एक बाई ती बघून वाटायच्या. यंत्राने इतकं सगळं केलं आणि शेवटची वाटणी माणसाच्या नजरेवर राहिली, याचं मला वाईट वाटलं नाही. पानाच्या कोपऱ्यातला शिक्का बघून 'हे अकोटवाल्यांचं' म्हणायला त्यांना अर्धा सेकंद पुरायचा.

अकोल्याच्या डेपोचा प्रश्न याच मेलपेटीने सुटला. आधी अमरावतीला आलेली ऑर्डर पुन्हा अकोल्याला फॅक्स व्हायची, म्हणजे ठिपक्यांचे ठिपके. १ चा ९ होण्याची पाळी दुसऱ्यांदा. आता तीच फाइल जशीच्या तशी शंभरेक किलोमीटर जाऊ लागली, एक ठिपकाही न हलता.

जून लागला की मात्र सर्व्हरची नोंदवही बदलायची. पहिल्या पावसात जमिनीखालच्या केबलच्या जोडांत पाणी शिरायचं. उन्हाळाभर १४,४०० ने बोलणाऱ्या लाइनी ७२००, ४८०० वर उतरायच्या. काही वेळा पान अर्ध्यात तुटायचं. माणसाच्या कानाला खरखर एवढंच ऐकू येई. नोंदवहीत मात्र स्पष्ट दिसे की मोर्शीची लाइन ओली आहे आणि बाळापूरची कोरडी. चूक दुरुस्त करण्याची सोय असलेली यंत्रं तेव्हा फार कामाला आली. ती पान २५६ बाइटच्या तुकड्यांत पाठवतात आणि घेणारा सांगतो, अमुक अमुक तुकडे खराब, तेवढेच पुन्हा द्या. भरपावसात चांगल्या यंत्रांची पानं हळू यायची, पण अक्षर अन् अक्षर शाबूत. पाऊस कुठे पोचला हे रेडिओआधी मला मोडेम सांगायचा, असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही.

मग तांबं गेलं. टेलिफोन फायबरवर आला आणि आवाज पाकिटांत जाऊ लागला. बोलण्याला काही झालं नाही. फॅक्स मात्र मोडून पडले. माणसाचा कान फार क्षमाशील आहे, मधले वीस-तीस मिलिसेकंद गळाले तर तो आपणच भरून घेतो. म्हणून आवाज दाबून लहान करणाऱ्या पद्धती कानाला चालेल तेवढंच ठेवतात आणि उरलेलं टाकून देतात. फॅक्सच्या सुरात टाकून देण्यासारखं काहीच नसतं. एक पाकीट हरवलं की ओळीच्या ओळी जातात.

यावरचा तोडगा १९९८ मध्येच लिहून ठेवलेला होता, दोन तऱ्हांनी. टी.३७ या मानकात पान घ्यायचं, ठेवायचं आणि ईमेलने पुढे द्यायचं. काम होतं, पण दोन टोकं एकमेकांना भेटत नाहीत, निरोप ठेवल्यासारखं होतं. टी.३८ मात्र भेट मोडू देत नाही. लाइन जिथे इंटरनेटला मिळते तिथला डबा फॅक्सचा सूर ऐकतो, त्यातले बिट काढतो आणि फक्त तेच पाकिटांतून पाठवतो. प्रत्येक पाकिटात आधीच्या पाकिटांची प्रतही जोडतो, म्हणजे एक हरवलं तरी पुढच्यात ते सापडतं. पलीकडचा डबा त्या बिटांवरून तोच सूर पुन्हा वाजवतो. मधल्या सगळ्या वाटेवर आवाज नाही, आणि दोन्ही यंत्रांना वाटतं की आपण तांब्याच्या तारेवर समोरासमोर बोलतो आहोत.

आम्ही अमरावतीत आणि अकोल्यात दोन्हीकडे मोडेम काढून टी.३८ समजणारे सर्व्हर बसवले तेव्हा मी पहिल्या कॉलची पाकिटं उलगडून पाहिली. दोन्ही टोकांना नुसतीच यंत्रणा, कागद नाही, स्पीकर नाही, वाजवायला काही नाही आणि ऐकायलाही कुणी नाही. तरी पहिलं पाकीट होतं ११०० कंपनांच्या सुराचं. सूर त्यात नव्हता, 'इथे तो सूर आहे' एवढी खूण होती. उलट दिशेने २१०० ची खूण आली. मग ओळख, मग वेग, मग दीड सेकंदाच्या शून्यांची जागा, लाइन अशी काही उरलेली नसताना. मग पान. शेवटी अकोल्याकडून आलेलं छोटं पाकीट, मिळालं, नीट आहे.

दोन मिनिटांत डेपोतून फोन आला. मी विचारायच्या आत पलीकडून आवाज आला, "भेटला जी."